जुन्या संगणकाचा राखणदार कसा निवडावा?



संगणकाला व्हायरस लागतो म्हणजे तापाचे जंतू लागत नाहीत. व्हायरस हा कोणीतरी मुद्दाम लिहिलेला वाईट प्रोग्रॅम असतो. तो पेनड्राइव्हमधून किंवा इंटरनेटवरून आत शिरतो, स्वतःच्या नकला काढतो आणि फायली लपवतो, पुसतो किंवा चोरतो. त्याला पकडणाऱ्या प्रोग्रॅमला अँटिव्हायरस म्हणतात. पिकाला जसा राखणदार, तसा संगणकाला अँटिव्हायरस.

आमच्या शाळेत एकच संगणक आहे व तो जुना आहे. मुलांचे निकाल, हजेरी, सहलीचे फोटो सगळे त्यातच. एकदा बाहेरून आलेला पेनड्राइव्ह लावला आणि फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसू लागले. फायली गेल्या नव्हत्या, लपवल्या होत्या. गुरुजींनी त्या परत मिळवल्या, पण त्यात दोन दिवस गेले. विकतच्या अँटिव्हायरसला दर वर्षी पैसे भरावे लागतात. म्हणून मोफत मिळणाऱ्यांतून चांगला कसा निवडावा, ते मी गुरुजींना विचारून लिहिले आहे.

१) आधी संगणकाची ताकद पाहा. ‘धिस पीसी’वर माऊसचे उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडले की रॅम किती आणि विंडोज कोणते ते कळते. आमच्या संगणकाची रॅम ४ जीबी आहे आणि विंडोज १० आहे. माझे आजोबा म्हणाले, “म्हाताऱ्या बैलाला थोरला गाडा जुपत न्हाईत.” तसेच जुन्या संगणकावर जड अँटिव्हायरस घालू नये. नाहीतर व्हायरसाआधी तोच संगणक बंद पाडील!

२) घरात राखणदार आहे का ते बघा. विंडोज १० व ११ मध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस मुळातच असतो. त्याला पैसे पडत नाहीत. अवास्ट, एव्हीजी, अव्हिरा, बिटडिफेंडर हेही मोफत मिळतात, पण त्यांतले काही जण ‘पैसे भरा, मोठा घ्या’ अशा जाहिराती सारख्या दाखवतात.

३) एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोन अँटिव्हायरस एकदम चालवले तर ते एकमेकांवरच संशय घेतात आणि संगणक रडकुंडीला येतो. एकच ठेवावा.

४) प्रगतिपुस्तक बघा. जर्मनीत एव्ही-टेस्ट नावाची संस्था अँटिव्हायरसची परीक्षा घेते. संरक्षण, वेग आणि वापरण्यातली सोय असे तीन विषय, प्रत्येकी ६ गुण, एकूण १८. जुना संगणक असेल तर वेगाचे गुण आधी वाचावेत.

५) मूळ घरातूनच आणा. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, इथे दाबा’ अशी पाटी एकदम आली तर दाबू नका. तो राखणदार नसून चोरच असू शकतो. फुकट ते पौष्टिक म्हणून विकतच्या अँटिव्हायरसची चोरटी नक्कल घेणे तर फारच धोक्याचे. त्या नकलेतच व्हायरस असू शकतो.

६) रोज नवी यादी द्या. नवे व्हायरस रोज निघतात. गुरांना लाळ्या-खुरकताची लस पुन्हापुन्हा टोचावी लागते, तसे अँटिव्हायरसलाही अपडेट लागते. इंटरनेट सुरू असले की डिफेंडर ते आपोआप घेतो.

आता विंडोजविषयी. विंडोज ७ च्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला व विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. विंडोज १० वरच्या डिफेंडरला मात्र व्हायरसची यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळेल, असे कंपनीने सांगितले आहे. भिंतीलाच भोक असेल तर राखणदार एकटा काय करणार? म्हणून अशा संगणकावर बँकेची कामे करू नयेत. जमल्यास त्यावर हलके लिनक्स घालावे, तेही मोफत मिळते.

एक अभिमानाची गोष्ट सांगतो. क्विक हील हा प्रसिद्ध अँटिव्हायरस काढणारे कैलास व संजय काटकर हे भाऊ मूळचे आपल्या सातारा जिल्ह्यातले. कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. संजय काटकरांनी १९९५ च्या सुमारास अँटिव्हायरस लिहिला. तो विकतचा आहे. पण भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रात (सुरुवात २०१७) क्विक हीलचे व्हायरस काढण्याचे एक साधन मोफत मिळते. पेनड्राइव्हवर नजर ठेवणारे ‘यूएसबी प्रतिरोध’ही तिथे आहे. ते सी-डॅक या सरकारी संस्थेने केले आहे.

हे सगळे पाहून गुरुजींनी शाळेच्या संगणकावर डिफेंडरच ठेवला आहे. पेनड्राइव्ह आधी तपासायचा, मगच उघडायचा, असा नियम केला आहे. निकालाची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवली आहे. राखणदार कितीही चांगला असला तरी त्याला डुलकी लागू शकते. पालकांनीही घरच्या महत्त्वाच्या फायलींची अशी एक नक्कल काढून ठेवावी, ही विनंती.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी