घरकुल भाड्यानं द्यावं का? विकावं का?
(अभ्यास पाठ : गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा आणि शेवटच्या प्रश्नांवर बोलावं)



आपल्या दशसूत्रीत शासकीय योजनांचा लाभ हे एक सूत्र आहे. योजना मिळेपर्यंत आपण धावपळ करतो. यादीत नाव आलं का, हप्ता पडला का, फोटो काढला का, हे सगळं विचारतो. पण घर उभं राहिल्यावर पुढं काय, यावर बैठकीत फारसं बोलणं होत नाही. आजचा पाठ त्यावर आहे.

घरकुल म्हटलं की जळगावकडच्या बायांना आधी ते कोर्टाचं प्रकरण आठवतं. जळगाव शहरातल्या घरकुल बांधकामाच्या त्या खटल्यात धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवलं, आणि पुढं अपिलं झाली. तो विषय घरं बांधण्यातल्या पैशाचा होता. आपण बोलणार आहोत ते आपल्या हातात आलेल्या घराबद्दल.

वाद काय आहे?

आपल्या भागातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. काही जण कामासाठी सुरतला जाऊन तिथंच राहतात. घराला कुलूप लागतं. मग कुणीतरी विचारतं, "खोली द्या ना भाड्यानं." केळीच्या बागेत कामाला आलेला मजूर असतो, जिनिंगवरचा कामगार असतो, नाहीतर बदलून आलेले मास्तर असतात. घरची बाई म्हणते, "घर तं रिकामंच पडेल शे, भाडं उनं तं काय बिघडनं?"

दुसरी बाजूही ऐका. गल्लीतली शेजारीण अजून कुडाच्या घरात राहते. तिचं नाव यादीत खाली आहे. ती म्हणते, "हिला राहायला घर नव्हतं म्हणून सरकारनं दिलं. आता ही त्याच्यावर भाडं खाते. मग गरज खरी कुणाची होती?"

दोघींचंही म्हणणं खोटं नाही. म्हणूनच हा वाद सोपा नाही.

हा वाद जगभर आहे

इंग्लंडमध्ये नगरपालिकेच्या मालकीची लाखो घरं होती. गरीब आणि कामगार कुटुंबं त्यात कमी भाड्यानं राहायची. १९८० साली कायदा झाला की राहणाऱ्यांना तेच घर मोठ्या सवलतीत विकत घेता येईल. लाखो कुटुंबं पहिल्यांदाच घराची मालक झाली. त्यांच्यासाठी ती मोठी गोष्ट होती. पण पुढं त्यातली बरीच घरं विकली गेली आणि नव्या मालकांनी ती जास्त भाड्यानं द्यायला सुरुवात केली. विकली तेवढी नवीन घरं बांधली गेली नाहीत. त्यामुळं मागून आलेल्या गरिबांना घर मिळेना. शेवटी स्कॉटलंडनं २०१६ मध्ये आणि वेल्सनं २०१९ मध्ये ही विक्री बंद केली.

मुंबईतही तसंच. झोपडपट्टी पुनर्वसनात फुकट मिळालेलं घर १० वर्षं विकायचं नाही, असा कायदा केला होता. तरी मुखत्यारपत्रावर घरं हातोहात गेली. म्हाडाच्या घरालाही ५ वर्षं विक्रीची बंदी असते.

आपलं खेड्यातलं घरकुल थोडं वेगळं आहे. ते सरकारच्या मालकीचं नसतं. जागा बहुतेक आपलीच, बांधकाम आपण करतो, सरकार अनुदान देतं. इंदिरा आवास १९८५-८६ पासून होती. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये हप्त्यानं, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार. घर निदान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसकट. रमाई आणि शबरी या योजना राज्य सरकारच्या आहेत.

म्हणजे घर आपलं, पण त्यातला पैसा सगळ्यांचा. आणि तो दिला आहे "या कुटुंबाला राहायला पक्कं घर नाही" या एकाच कारणासाठी.

भाडं आणि विक्री, यात जमीन-अस्मानाचा फरक

आधी मंजुरीचं पत्र काढा आणि त्यातल्या अटी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गटाच्या सीआरपी ताईकडून वाचून घ्या. काही शंका असेल तर ग्रामसेवकाला किंवा पंचायत समितीत विचारा.

सहा महिने ऊसतोडीला गेलं, घर रिकामं पडलं, त्यात कुणाला ठेवलं, परत आल्यावर आपणच राहायला लागलो. यात घर आपलंच राहतं. उलट झाडलोट होते, उंदीर-घुशी लागत नाहीत. पण गावात दुसरं पक्कं घर असताना भाड्यासाठीच घरकुल घेतलं, तर ती शेजारणीच्या हक्काची जागा अडवलेली असते. हे आपल्याला मनात माहीत असतं.

विक्रीचं मात्र गणित मांडून बघा. समजा, अडचणीत घर अडीच लाखाला दिलं. मग राहायचं कुठं? महिना २ हजारानं खोली घेतली तर वर्षाला २४ हजार गेले. दहा वर्षांत २ लाख ४० हजार. अडीच लाख संपले, घरही गेलं. आणि एकदा लाभ घेतलेल्या कुटुंबाला पुन्हा घरकुल मिळत नाही. यादीत नाव आलं तरी पडताळणीत कटतं.

कागद नीट समजून घ्या

१. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केली म्हणजे घर विकलं गेलं, असं कायद्यानं होत नाही. घर-जागेची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानंच होते. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळं घेणाराही फसतो आणि देणाराही कोर्टात जातो.

२. जागा सरकारनं दिलेली, म्हणजे भोगवटादार वर्ग २ ची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या भागातल्या आदिवासी बहिणींनी लक्षात ठेवा, आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

३. सावकाराकडे घराचे कागद ठेवू नका. व्याजात घर लिहून घेतलं असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी अर्ज करता येतो. चौकशीत खरं ठरलं तर मालमत्ता परत मिळू शकते.

४. भाड्यानं देताना तोंडी बोलणं नको. करार लेखी, मुदत ११ महिन्यांपर्यंत, अनामत रक्कम लिहिलेली, भाडेकरूच्या आधारकार्डाची प्रत घेतलेली. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. शहरी भागात घर असेल तर १९९९ च्या भाडे कायद्याप्रमाणे करार नोंदवणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. वीजबिल आपल्याच नावावर ठेवा. घरपट्टी आपणच भरा आणि पावती जपा.

बाईचं नाव, बाईची सही

प्रधानमंत्री आवासमध्ये घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर मंजूर होतं. पण मंजुरीपत्रावर नाव असलं तरी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला बऱ्याचदा एकट्या नवऱ्याचंच नाव चढलेलं असतं. उद्याच जाऊन उतारा काढा आणि बघा. नाव नसेल तर दोघांनी मिळून अर्ज द्या.

नाव का महत्त्वाचं? घर विकायचं बहुतेक वेळा बाईला न विचारता ठरतं. दवाखाना, लग्न, दारू, जुनं कर्ज, कारण काहीही असो. व्यवहार पक्का झाल्यावर सांगतात, "इथं अंगठा दे." नाव दोघांचं असेल तर तुमच्या सहीशिवाय तुमचा हिस्सा जात नाही. वाचल्याशिवाय सही करू नका, कोऱ्या कागदावर तर कधीच नको. नाव नसलं तरी घाबरू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला सासरच्या राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो.

भाड्याचंही तेच. घर तुमच्या नावावर असेल तर भाडं तुमच्या खात्यात यायला पाहिजे. ते पैसे बचतीत आणि गटाच्या हप्त्यात दिसले पाहिजेत.

गट काय करू शकतो?

घर विकण्याची वेळ अचानक येत नाही. आधी हप्ते थकतात, मग बाई बैठकीला यायची बंद होते. अशी बहीण दिसली की तिच्या घरी जा. अंतर्गत कर्जातून किंवा ग्रामसंघातून ३०-४० हजारांची सोय झाली तर अडीच लाखांचं घर वाचतं. महिला सभेत आणि ग्रामसभेत यादी वाचली जाते, तेव्हा सगळ्या जणी हजर राहा. ज्याला घर आहे त्याचं नाव वर आणि जिला नाही तिचं खाली, असं असेल तर तिथंच उठून बोला. मागून ओट्यावर बसून बोलल्यानं यादी बदलत नाही.

मात्र एक सांभाळा. कुणी ऊसतोडीला गेलं आणि घरात भाडेकरू दिसला, म्हणून लगेच तक्रार ठोकू नका. आधी तिला विचारा. पोटासाठी गाव सोडणं हा गुन्हा नाही.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गटात किती जणींचं घरकुल आहे? त्यातल्या किती जणींचं नाव नमुना ८ ला आहे?
२. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबानं घर भाड्यानं दिलं आणि दुसरं घर असणाऱ्यानं घरकुल भाड्यानं दिलं, यात तुम्हाला फरक वाटतो का? का?
३. घर विकू नये म्हणून आपला गट अडचणीतल्या बहिणीला किती मदत करू शकतो? ठराव करून वहीत लिहा.

पुढच्या बैठकीपर्यंतचं काम : प्रत्येकीनं नमुना ८ चा उतारा आणि मंजुरीपत्राची प्रत काढून आणावी. दोन्ही कागद एका पिशवीत घालून घरात उंच, कोरड्या जागी ठेवावेत, आणि ते कुठं ठेवलेत हे घरातल्या मोठ्या मुलीलाही सांगून ठेवावं.