बुद्धिबळ खेळणारे यंत्र

कोणतीही नवी बातमी आली, की तिच्या पाठोपाठ माणसांची मतेही येतात. चंद्रावर यान उतरले, एखाद्या रोगावर नवे औषध निघाले, किंवा यंत्राने माणसाला खेळात हरविले, असे कानी पडताच घरी, शाळेच्या पटांगणावर आणि आगगाडीच्या डब्यात त्यावर बोलणे सुरू होते. "छे! हे शक्यच नाही," असे एकजण म्हणतो. "आता माणसाचे काही खरे नाही," असे दुसरा म्हणतो. मत असणे ही काही वाईट गोष्ट नव्हे. विचार करणाऱ्या माणसाला मत हे असतेच. परंतु सगळीच मते सारख्या मोलाची नसतात. मत कशाच्या आधारावर दिले आहे, यावर त्याचे मोल ठरते.

यंत्राला बुद्धिबळ खेळता येईल काय, या एका प्रश्नावर माणसे गेली अडीचशे वर्षे मते देत आली आहेत. त्यांतील कोणती खरी ठरली, कोणती खोटी ठरली आणि का, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे.

बुद्धिबळाचा खेळ मूळचा आपल्या देशातला. प्राचीन काळी त्याला चतुरंग म्हणत. येथून तो इराणात, तेथून अरबांकडे आणि पुढे युरोपात पोहोचला. मराठीत या खेळाला मिळालेले नावच किती बोलके आहे, पाहा! कुस्तीत अंगबळ लागते, तसे येथे बुद्धीचे बळ लागते. यंत्रे ओझी वाहू लागली, पाणी उपसू लागली, सूत कातू लागली, तेव्हा 'ही हाताची कामे आहेत' असे म्हणून माणसाला आपले समाधान करून घेता आले. परंतु यंत्र बुद्धिबळ खेळू लागले तर? मग बुद्धी ही एकट्या माणसाचीच मिरास आहे, असे कसे म्हणावे? म्हणूनच हा प्रश्न नुसत्या खेळाचा राहिला नाही.

इ. स. १७७० मध्ये व्हिएन्ना येथे महाराणी मारिया थेरेसा हिच्या दरबारात वोल्फगांग फोन केम्पेलेन याने एक अद्भुत वस्तू आणली. ती एक मोठी लाकडी पेटी होती. पेटीमागे तुर्की पोशाख केलेला आणि डोक्याला फेटा बांधलेला एक पुतळा बसविला होता व त्याच्यापुढे बुद्धिबळाचा पट मांडला होता. खेळ सुरू होण्यापूर्वी केम्पेलेन पेटीची दारे एकामागून एक उघडी आणि आत मेणबत्ती धरी. प्रेक्षकांना दातेरी चाके व इतर यंत्रसामग्री दिसे. मग दारे बंद करून तो किल्ली देई. चाकांची घरघर ऐकू येई, आणि तो पुतळा डाव्या हाताने मोहरा उचलून खेळू लागे. त्याच्याशी खेळणारे बहुतेक जण हरत. पुढे हे यंत्र पुष्कळ देश हिंडले. बेंजामिन फ्रँकलिन त्याच्याशी खेळला. १८०९ साली सम्राट नेपोलियनही खेळला.

या यंत्राविषयी लोकांची मते किती निरनिराळी असावीत! कोणी म्हणे, ही जादू आहे. कोणी म्हणे, विचार करणारे यंत्र अखेर तयार झाले. कोणी म्हणे, आत एखादे लहान मूल लपविले असावे. १८३६ साली एडगर अॅलन पो या अमेरिकन लेखकाने एक लेख लिहून यात माणूस आहे असे प्रतिपादन केले. त्याने अनेक कारणे दिली. त्यांतील एक असे होते, की हे खरोखर यंत्र असते, तर ते प्रत्येक डाव जिंकले असते. ज्याअर्थी ते कधीकधी हरते, त्याअर्थी हे यंत्र नव्हे.

पोचे म्हणणे खरे होते. पेटीत खरोखरच माणूस होता. त्याची बैठक सरकती असल्यामुळे, एका बाजूचे दार उघडले की तो दुसऱ्या बाजूला सरके. मोहऱ्यांच्या बुडाशी लोहचुंबक बसविलेले होते. वर मोहरा हलला, की पटाच्या खालच्या बाजूस त्या त्या घराखाली टांगलेला लोखंडी तुकडा हाले. मेणबत्तीच्या उजेडात ते पाहून आतील खेळाडू आपली चाल ठरवी आणि एका युक्तीने पुतळ्याचा हात हलवी. १८५४ साली फिलाडेल्फिया शहरात लागलेल्या आगीत हे यंत्र जळून गेले.

प्रेक्षकांची चूक कोठे झाली? त्यांना जेवढे दाखविण्यात आले तेवढे त्यांनी पाहिले, आणि त्यावरून न दाखविलेल्या भागाविषयी मत बनविले. दारे एकामागून एक अशीच का उघडली जातात, हा साधा प्रश्न ज्यांच्या मनात आला नाही, ते फसले. आणि पोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याचा निष्कर्ष बरोबर होता, तरी त्याने दिलेले हे कारण मात्र चुकीचे होते. यंत्र म्हणजे न हरणारी वस्तू, ही त्याची समजूत पुढे टिकली नाही. उत्तर बरोबर आले म्हणून रीत बरोबर असेलच असे नाही, हे गणिताच्या तासाला आपण शिकतोच; मतांच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे.

खरोखरीचे यंत्र मात्र विसाव्या शतकात आले. १९५० साली क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाचा एक लेख प्रसिद्ध झाला. संगणकाला बुद्धिबळ कसे शिकवावे, हे त्यात सांगितले होते. अडचण काय आहे ती आधी पाहू. डावाच्या आरंभी पांढऱ्याला २० चाली उपलब्ध असतात: आठ प्याद्यांच्या प्रत्येकी दोन आणि दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन. काळ्यालाही तितक्याच असतात. म्हणजे प्रत्येकाची एकेक चाल होताच ४०० निरनिराळे प्रकार संभवतात. पुढे ही संख्या झपाट्याने वाढत जाते. शॅननच्या अंदाजाप्रमाणे, एकूण संभाव्य डावांची संख्या १ वर १२० शून्ये इतकी प्रचंड आहे. कितीही वेगवान यंत्र असले, तरी एवढे सगळे डाव तपासून पाहणे त्याला अशक्य आहे.

मग यंत्राने करावे काय? शॅननने दाखविले, की काही थोड्या चाली पुढे पाहाव्या आणि प्रत्येक स्थितीला गुण द्यावे. प्याद्याला १ गुण, घोड्याला व उंटाला ३, हत्तीला ५ आणि वजिराला ९, असा हिशेब मांडावा; मोहऱ्यांची जागा कशी आहे हेही त्यात धरावे. प्रतिस्पर्धी आपले सर्वांत उत्तम उत्तर देईल असे गृहीत धरून, त्यातूनही आपले कमीत कमी नुकसान जिच्यात होईल ती चाल निवडावी. विचार करून पाहिल्यास चांगला खेळाडूही काही अंशी असेच करतो.

यंत्रे खेळू लागली खरी, परंतु प्रारंभी ती फार कच्ची होती. १९६८ साली डेव्हिड लेव्ही या स्कॉटलंडच्या खेळाडूने संगणकशास्त्रज्ञांशी पैज लावली, की पुढील दहा वर्षांत कोणताही संगणक आपणांस सामन्यात हरवू शकणार नाही. १९७८ मध्ये सामना झाला आणि लेव्ही यांनी पैज जिंकली. मात्र १९८९ साली दुसऱ्या एका संगणकाने त्यांना चार डावांत चारही वेळा हरविले. आता सांगा, लेव्ही यांचे मत खरे की खोटे? त्यांनी 'यंत्र कधीच जिंकणार नाही' असे म्हटले नव्हते. 'दहा वर्षांत जिंकणार नाही' असे म्हटले होते. मताला मुदत होती, आणि ते कसे पारखावयाचे हेही ठरलेले होते. असे मत चुकले तरी त्यापासून काही शिकता येते. 'कधीच नाही' आणि 'नक्कीच' हे शब्द तोंडातून सहज निघतात. पण त्यांची परीक्षा घेणे कठीण असते.

यानंतरचा प्रसंग तर साऱ्या जगात गाजला. 'डीप ब्लू' नावाचा संगणक आणि जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांचा पहिला सामना १९९६ साली झाला. पहिला डाव संगणकाने जिंकला, परंतु सामना कास्पारोव्ह यांनी ४–२ असा जिंकला. म्हणजे खरे यंत्रही हरू शकते! पोचे ते कारण येथे कोसळून पडले. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे दुसरा सामना झाला. आता हा संगणक एका सेकंदात सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत होता. तो ३½–२½ असा विजयी झाला.

त्यातील दुसऱ्या डावात संगणकाने केलेल्या चाली पाहून कास्पारोव्ह यांना संशय आला, की यामागे एखाद्या माणसाची बुद्धी तर नाही? काळाने कशी गंमत केली पाहा! पूर्वी पेटीत माणूस असताना पुष्कळांना ते यंत्र वाटले होते; आता खरोखरचे यंत्र खेळत असताना त्यात माणूस असल्याची शंका आली. पुढे २०१७ साली कास्पारोव्ह यांनी या सामन्यावर पुस्तक लिहिले. त्यासाठी त्यांनी सर्व डावांचा पुन्हा अभ्यास केला, आणि संगणक तयार करणाऱ्यांविषयीचा आपला आदर त्यामुळे वाढल्याचे सांगितले. जगज्जेत्यालाही वीस वर्षांनी आपले मत बदलण्यात कमीपणा वाटला नाही.

या पराभवानंतर दोन नवी मते ऐकू येऊ लागली. एक असे, की बुद्धिबळ म्हणजे नुसता हिशेब. परंतु 'गो' हा चीन, जपान आणि कोरिया या देशांतील खेळ फार विशाल असल्यामुळे यंत्राला तो दीर्घकाळ जमणार नाही. मार्च २०१६ मध्ये सोल येथे 'अल्फागो' या संगणकाने ली सेडोल या श्रेष्ठ खेळाडूला ४–१ असे हरविले आणि ते मत मागे पडले.

दुसरे मत असे, की यंत्र जिंकले, तेव्हा आता बुद्धिबळ कोण खेळणार? हेही मत खोटे ठरले. मोटार माणसाहून वेगाने धावते, म्हणून धावण्याच्या शर्यती बंद पडल्या काय? आज साध्या मोबाईलवर चालणारी बुद्धिबळाची प्रणालीही जगज्जेत्याहून बलवान आहे; तरीसुद्धा हा खेळ पूर्वीपेक्षा अधिक लोक आवडीने खेळतात. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे भारताचा डी. गुकेश अवघ्या अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हंपी यांच्यावर मात करून महिलांचा विश्वचषक जिंकला. आजचे खेळाडू डाव संपल्यावर यंत्राच्या साहाय्याने आपल्या चुका शोधतात. परंतु गुकेशच्या गुरूंनी लहानपणी बराच काळ त्याला यंत्रापासून दूर ठेवले होते. आधी स्वतः विचार करावयास शिकावे आणि मग यंत्राला विचारावे, असा त्यामागील हेतू होता.

यंत्रामुळे एक नवी काळजीही उत्पन्न झाली आहे. मोठ्या स्पर्धांत खेळाडूंना जवळ मोबाईल बाळगू देत नाहीत. पूर्वी यंत्रात माणूस लपला आहे काय, हे पाहावे लागे. आता माणसाच्या खिशात यंत्र लपले आहे काय, हे पाहावे लागते!

मुलांनो, विज्ञानाच्या आणि नव्या यंत्रांच्या बातम्या तुमच्याही कानांवर रोज येतील, आणि तुमचे मत कोणीतरी विचारीलच. त्या वेळी घाई करू नका. आपल्याला किती दारे उघडून दाखविली आहेत आणि किती बंद आहेत, ते आधी पाहा. 'हे मत खरे की खोटे, हे कशावरून कळेल?' असा प्रश्न स्वतःला विचारा. आणि नवा पुरावा पुढे आला, तर मत बदलण्यास संकोच करू नका. 'मला अजून ठाऊक नाही, मी शोध घेतो,' असे म्हणणारा मुलगा किंवा मुलगी मागे पडत नाही. पटावर उत्तम चाल सापडेपर्यंत थांबणे, ही तर बुद्धिबळाचीच शिकवण आहे.

स्वाध्याय

१. केम्पेलेनच्या पेटीतील खेळाडूला बाहेरची चाल कशी कळत असे?
२. 'पोचा निष्कर्ष बरोबर होता, पण कारण चुकीचे होते.' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. डावाच्या पहिल्या दोन चालींत ४०० प्रकार कसे होतात, ते लिहून दाखवा.
४. लेव्ही यांच्या मतात आणि 'यंत्र कधीच जिंकणार नाही' या मतात काय फरक आहे?
५. वाक्यात उपयोग करा: मिरास असणे, मात करणे, कमीपणा वाटणे.
६. एखाद्या नव्या यंत्राविषयी तुमच्या घरातील तीन माणसांची मते विचारा. प्रत्येकाने दिलेले कारण लिहून ठेवा आणि ते कसे पारखून पाहता येईल, यावर दहा ओळी लिहा.