शेवंतीच्या हरितगृहातील दिव्यांचे आयुष्य

हरितगृहात शेवंती करणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंस रात्रीच्या दिव्यांची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. परंतु दिवा किती दिवस टिकेल, तो मंद केल्याने त्याचे आयुष्य वाढते की घटते, आणि त्यास जोडलेल्या चोकचा त्यात काय भाग असतो, याविषयी पुष्कळांच्या मनात गैरसमज आहेत. आमच्याही होते. ते दूर होण्यास आम्हांस एका हंगामाचे मोल द्यावे लागले. ते इतरांस द्यावे लागू नये, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम दिव्यांचे प्रयोजन थोडक्यात सांगतो. शेवंती ही लहान दिवसांत फुलणारी वनस्पती. रात्र लांबली की ती कळी धरते. ऋतुमानाचा व फुलण्याचा हा संबंध अमेरिकेतील गार्नर व अ‍ॅलर्ड या शास्त्रज्ञांनी 1920 साली तंबाखू, सोयाबीन इत्यादी पिकांवरून दाखवून दिला. कार्तिकापासून पुढे लावलेली शेवंती तशीच सोडली तर ती आखूड दांड्यावरच कळी धरते आणि असे फूल बाजारात कोणी विचारीत नाही. म्हणून दांडा पुरेसा वाढेपर्यंत रात्री साधारण दहा ते दोन या वेळेत दिवे लावून रात्रीचे दोन तुकडे करावयाचे. त्याकरिता प्रखर उजेड लागत नाही. झाडाच्या शेंड्यावर साधारण 100 लक्स पडले म्हणजे पुरे. मात्र उजेड फार खाली गेला तर झाड ती रात्र अखंडच समजते.

आता आमची चूक ऐकावी. पाच गुंठ्यांच्या शेडमध्ये आम्ही साठ सीएफएल दिवे टांगले. विजेचे बिल वाचावे म्हणून दोन युक्त्या एकदम केल्या. एक, दर अर्ध्या तासात सहाच मिनिटे दिवे लागावेत असा टायमर बसविला. दुसरी, दिव्यांच्या मार्गात डिमर घातला. कमी तापेल तो दिवा अधिक टिकेल, असा आमचा हिशेब. चाळीस रात्रींत साठांपैकी सतरा दिवे बंद पडले. खोक्यावर 8,000 तास लिहिलेले, आणि आमचे दिवे रात्री अवघी 48 मिनिटे, म्हणजे चाळीस रात्रींत केवळ 32 तास जळलेले! दिव्यांचे नुकसान सोसले असते. परंतु विझलेल्या दिव्यांखालच्या वाफ्यांनी गुडघ्याएवढ्या उंचीवरच कळ्या धरल्या आणि तो माल व्यापाऱ्याने मोकळ्या फुलांच्या भावाने नेला.

असे का झाले हे समजण्यास प्रत्येक जातीच्या दिव्याचे मरण कशात आहे ते पाहिले पाहिजे.

साधा तारेचा बल्ब. यात टंगस्टनची तार तापून प्रकाश देते आणि तापता तापता झिजते. याचे नेमलेले आयुष्य सुमारे 1,000 तास. यास चोक लागत नाही. विजेचा दाब शेकडा 5 ने चढला तर आयुष्य जवळजवळ निम्मे होते, आणि तितकाच उतरला तर सुमारे दुप्पट होते. मात्र दाब शेकडा 5 उतरल्याने उजेड शेकडा 16 च्या सुमारास घटतो. म्हणजे हा बल्ब मंद केल्याने टिकतो हे खरे, पण प्रकाश त्याहून मोठ्या प्रमाणात गमावतो आणि एका युनिटामागे मिळणारा उजेडही कमी होतो. रात्री मागणी उतरली की ज्या गावी दाब चढतो, तेथे या बल्बांचा खप का वाढतो हेही यावरून कळेल. डिमर हा मुळात याच दिव्याचा सोबती. एका दिव्याचा नियम सर्वांस लावला, तेथेच आमचा घात झाला.

ट्यूब व सीएफएल. यांत तार जळत नसून पाऱ्याच्या वाफेतून विजेचा झोत वाहतो. हा झोत एकदा सुरू झाला की आपण होऊन आवरत नाही. जितका वाहील तितकी वाट मोकळी होते. पाटास दार नसले तर पाणी वाफाच फोडून जाते, तद्वत चोक नसेल तर ट्यूब क्षणात निकामी होईल. प्रवाहास आवर घालणारे हे दार म्हणजे चोक. सीएफएलच्या बुडख्यात तोच लहान इलेक्ट्रॉनिक रूपाने बसविलेला असतो.

या दिव्याच्या दोन्ही टोकांच्या तारांवर बेरियम, स्ट्रॉन्शियम व कॅल्शियम यांच्या ऑक्साइडांचा लेप असतो. लेप संपला की दिवा संपला. प्रत्येक वेळी दिवा लावताना त्याचा काही अंश उडतो. टोके काळी पडतात ती यामुळेच. ट्यूबचे तास ठरविताना ती 2 तास 45 मिनिटे चालू व 15 मिनिटे बंद अशी चालवून पाहतात. आमचा दिवा मात्र दर सहा मिनिटांच्या उजेडासाठी एकदा, म्हणजे रात्रीतून आठ वेळा पेटत होता. चाळीस रात्रींत 320 वेळा. हा एक घाव.

दुसरा घाव डिमरचा. टोकांची तार झोताच्याच उष्णतेने तापलेली राहते. प्रवाह घटविला की ती निवते, आणि निवलेल्या तारेवरचा लेप अधिकच वेगाने उडतो. ज्यास मंद चालवावयाचे त्या ट्यूबला टोके निराळी तापविणारा खास चोक लागतो. साध्या सीएफएलला बाहेरून डिमर लावला तर बुडख्यातील चोकला तुटक वीज मिळून त्याचे भाग तापतात व जळतात. सारांश, तारेचा बल्ब मंद केल्याने टिकतो आणि सीएफएल मंद केल्याने मरतो.

चोक निवडताना एक साधी खूण ध्यानी ठेवावी. बटण दाबताच लख्ख पेटणारी ट्यूब बहुधा थंड टोकांनीच पेटते. क्षणभर थांबून पेटणारी टोके आधी तापवून घेते. वारंवार लावण्या-विझविण्यास दुसरी बरी.

सोडियमचे दिवे. हॉलंडमधील काचघरांत हिवाळी उजेडासाठी हे मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. आपल्याकडे रस्त्यांवर ते सर्वांनी पाहिले आहेत. यांस चोक व पेटवणारा इग्नायटर असे दोन्ही लागतात आणि दिवा व चोक एकाच वॅटचे असावे लागतात. 250 वॅटच्या दिव्यास 400 वॅटचा चोक जोडल्यास दिवा अतिभाराने लवकर जातो. या दिव्याचे वय वाढेल तसा त्यास लागणारा दाब वाढत जातो. शेवटी चोक तो पुरवू शकत नाही. मग दिवा लागतो, तापतो, विझतो, निवून पुन्हा लागतो. अशी उघडझाप दिसली की दिवा बदलावा. उगाच ठेवल्यास इग्नायटरही खर्ची पडतो. मंद करावयाचाच तर त्याच्या योग्य चोकने, आणि आधी पूर्ण शक्तीवर तापू देऊनच करावा.

एलईडी. हल्ली नवे दिवे बहुधा हेच घेतले जातात. यात लेप नाही व झिजणारी तारही नाही, म्हणून वारंवार लावल्या-विझविल्याने प्रकाशकण्या बिघडत नाहीत. सहा मिनिटांचा टायमर यासच शोभतो. योग्य रीतीने मंद केल्यास त्या कमी तापतात व अधिक टिकतात. परंतु चोकच्या जागी यात ड्रायव्हर असतो, आणि बहुतेक वेळा कण्यांच्या आधी तोच मरतो. त्यातील कॅपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंश उष्णतेमागे सुमारे निम्मे होते. म्हणून ड्रायव्हर पत्र्याखाली किंवा प्लास्टिकच्या छताला चिकटवून ठेवू नये. सावलीत, वारा लागेल अशा जागी टांगावा. पाण्याच्या फवाऱ्यापासून जपावा. भुरीसाठी गंधक जाळणाऱ्यांनी तर दिवे पूर्ण बंदिस्त असल्याची खात्री करावी, कारण गंधकाच्या धुराने एलईडीतील चांदीचा मुलामा काळवंडतो. ज्या दिव्यावर मंद करण्याजोगा असे लिहिलेले नाही, त्यास डिमर लावू नये.

एलईडीविषयी आणखी एक सावधगिरी. हा दिवा सहसा एकाएकी मरत नाही, तो हळूहळू मंदावतो. खोक्यावरील तास बहुधा उजेड मूळच्या शेकडा 70 वर येईपर्यंतचे असतात. दिवा डोळ्यांस जिवंत दिसतो, पण पिकाच्या लेखी तो गेलेला असू शकतो. यासाठी दर हंगामारंभी दोन दिव्यांच्या मधल्या जागी, झाडाच्या उंचीवर लक्समापकाने उजेड पाहावा. निव्वळ तांबड्या दिव्यांखाली मात्र या मापावर विसंबू नये. लक्स हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे, झाडाचे नव्हे.

वरील विवेचनावरून चार नियम निघतात. पहिला, टायमरने तुटक उजेड द्यावयाचा तर एलईडी किंवा तारेचा बल्ब घ्यावा. सीएफएल असल्यास चार तास अखंड लावावी. दुसरा, चोक, ड्रायव्हर व डिमर हे त्या त्या दिव्याचेच असावेत. तिसरा, आयुष्य वाढविण्यासाठी पिकास लागणाऱ्या उजेडाच्या खाली कधीही जाऊ नये. उजेड जास्त असेल तर दिवे मंद करण्यापेक्षा त्यांची संख्या वा वॅट कमी करावे. चौथा, फुटलेल्या ट्यूब व सीएफएल शेतात टाकू नयेत, त्यांत पारा असतो.

आणि एक नियम आमच्या दप्तरी सवयीचा. प्रत्येक दिव्यास क्रमांक द्यावा व वहीत लावल्याची तारीख, विझल्याची तारीख आणि जागा लिहावी. रोज रात्री एक फेरी मारून विझलेला दिवा त्याच रात्री बदलावा, याकरिता शेकडा दहा दिवे जवळ शिल्लक ठेवावेत. आमचे सतरा दिवे एका रात्रीत गेले नव्हते. पहिला गेला त्या रात्री वही असती, तर दुसरा का गेला हे आम्ही तेव्हाच विचारले असते. पुढील हंगामी डिमर काढला, उरलेल्या सीएफएल अखंड चालविल्या, गेलेल्यांच्या जागी एलईडी घातले आणि वही घातली. त्या हंगामी तीन दिवे गेले, आणि तिन्ही त्याच रात्री बदलले. कळी एकाही वाफ्यावर अवेळी धरली नाही.