गौतमीचे वस्त्र आणि वसतिगृहातील विणकाम

मज्झिम निकायातील दक्खिणाविभंग सुत्ताचा आरंभ एका भेटवस्तूने होतो. भगवान बुद्ध कपिलवस्तूच्या निग्रोधारामात असताना महाप्रजापती गौतमी त्यांच्याकडे नव्या वस्त्रांची जोडी घेऊन आली. हे वस्त्र मी स्वतः सूत कातून, स्वतः विणून आपल्यासाठीच तयार केले आहे, असे तिने सांगितले. गौतमी शाक्यांच्या राजघराण्यातील स्त्री. तिला वस्त्र विकत घेता आले असते, विणकरांकडून करवूनही घेता आले असते. परंतु ज्याला तिने मातेच्या पश्चात आपले दूध पाजून वाढविले, त्याच्यासाठी तिने स्वतःचे हात कामी लावले. सुत्ताचा पुढील भाग दानाच्या प्रकारांविषयी आहे आणि अभ्यासक बहुधा तिकडेच वळतात. मी मात्र दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी या पहिल्या प्रसंगापाशी थांबते.

त्याला कारण आहे. आपल्या वसतिगृहात सायंकाळच्या वंदनेनंतर अर्धा तास मुले-मुली दोन सुयांवर विणतात. पावसाळ्यात आरंभ करायचा आणि सुट्टीला जाताना घरच्या एका माणसासाठी मफलर पूर्ण करून न्यायचा, असा नेम. काही वर्षांपूर्वी एक पालक मुलाला न्यायला आले. मुलाच्या हातातील सुया पाहून त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, पोरगं शिकाले धाडलं म्या इथं. हातचं काम तं आमच्या घरीबी होतं." मी काहीतरी उत्तर दिले, पण ते मलाच पुरेसे वाटले नाही.

त्यांचा आक्षेप इतिहासाला धरून होता. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 सालच्या ग्रंथात मध्य प्रांतातील महारांच्या व्यवसायांत जाडेभरडे कापड विणण्याची नोंद आहे. म्हणजे माग आपल्या घरात होता. पुढे गिरण्या आल्या. नागपूरची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. मुंबईच्या गिरण्यांत काय घडले? कापड विणणे ज्यांच्या पूर्वजांना ठाऊक होते, त्यांनाच विणाई खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा इतरांना चालत नसे. विणाई खात्यात मजुरी अधिक होती, हे येथे विसरता कामा नये. 1928 च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाचे केंद्र करण्याचा विचार पुढे आला. जन्माने हातकामाला जुंपलेल्या समाजाला त्यात आकर्षण वाटावे तरी कसे? यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, ही बाबासाहेबांची भूमिका त्यांच्या 1945 च्या ग्रंथात स्पष्ट आहे. मला ती आजही मान्य आहे. म्हणून विणकाम हा आपल्याकडे विषय नाही, त्याला गुण नाहीत आणि ज्याला नको त्याला सक्ती नाही.

वस्त्राच्या इतिहासातही सक्ती आणि स्वेच्छा यांतील हाच भेद दिसतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे नेसावीत असा दंडक आहे. बुद्धाचे भिक्खूही स्मशानातील आणि उकिरड्यावरील चिंध्या वेचून चीवर शिवत. चिंधी तीच, पण एकाला ती कायद्याने लादलेली, दुसऱ्याने ती स्वतः स्वीकारलेली. महावग्गात तर असे आले आहे की, मगधातील बांधबंदिस्त शेते दाखवून तथागतांनी आनंदाला तशा रचनेचे चीवर करता येईल का, असे विचारले आणि आनंदाने तुकडे जोडून ते सिद्ध केले. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जी मनुस्मृती जाळली गेली, तिच्या वस्त्रविषयक कलमाकडे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जरूर पाहावे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. चाळीस टाके घालायचे आणि प्रत्येक ओळ सुलट विणायची. एक ओळ सुलट, एक उलट केल्यास वीण दिसते सुंदर, पण मफलरच्या कडा आत वळतात. नवशिक्यांना ते नको. मोठ्या माणसाला पाच फूट लांबी पुरते, लोकर दीडशे ते दोनशे ग्रॅम लागते. मुलांची ठरलेली चूक म्हणजे ओळीच्या आरंभी धागा चुकीच्या बाजूने घेणे. एका टाक्याचे दोन होतात आणि आठवड्याने चाळीसचे सत्तेचाळीस भरतात! निसटलेला टाका शिडीसारखा खाली पळतो. तो क्रोशाच्या सुईने पायरी पायरीने वर आणता येतो. हे मला एका सातवीतल्या मुलीने शिकविले, पुस्तकाने नव्हे. गणिताला कंटाळणारी मुले येथे टाके न चुकता मोजतात, ही वेगळीच गंमत.

त्या मुलाने मफलर वडिलांसाठीच विणला होता. हे वडिलांना ठाऊक नव्हते आणि त्या दिवशी त्यानेही सांगितले नाही. पिशवीत तळाशी ठेवून तो गेला. जानेवारीच्या पालक सभेला वडील आले, तेव्हा तो त्यांच्या गळ्यात होता. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. आमच्यात त्या विषयावर बोलणे झाले नाही. त्यांनी मुलाच्या इंग्रजीच्या गुणांची चौकशी केली.

गौतमीने वस्त्र बुद्धासाठी विणले होते. तथागतांनी मात्र ते संघाला दे, असे सांगितले. तिने तीनदा विनविले, तिन्ही वेळा उत्तर तेच. मुले हा भाग ऐकून दरवेळी अस्वस्थ होतात. "मग तिला वाईट नाही वाटलं?" असे विचारतात. आनंदालाही ते राहवले नाही. त्याने तथागतांना गौतमीच्या उपकारांची आठवण करून दिली. मी मुलांना आनंदाचे बोलणे सांगते आणि संघाला दिल्याने बुद्ध आणि संघ या दोघांचाही सन्मान होतो, हा तथागतांचा खुलासाही सांगते. मागील वर्षी दोन मुलींनी घरच्यासाठी एक आणि वसतिगृहाच्या रात्रपाळीच्या चौकीदार काकांसाठी मिळून एक, असे मफलर विणले.

लोकरीचा प्रश्न मात्र राहतोच. आपला जिल्हा कापसाचा. लोकर बाहेरून येते आणि महाग पडते. माजी विद्यार्थ्यांच्या घरी मुलांना आखूड झालेले स्वेटर पडून असतील. ते टाकून न देता शाळेत पाठवावेत. मुले ते उसवतात, लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करतात, कोमट पाण्यात बुडवून वजन बांधून वाळवितात. वळ्या निघून जातात आणि लोकर पुन्हा विणण्याजोगी होते. यंत्राने शिवलेले, शिलाईच्या कडेला कापलेले स्वेटर तेवढे पाठवू नयेत. त्यांचे उसवताना तुकडेच हाती येतात.