मीटरच्या पुढची वायर कोणाची?
(भाड्याच्या खोलीतली वीज आणि घरमालकिणीची जबाबदारी)



या महिन्याचा धडा विजेचा आहे. बिलाचा नाही, जिवाचा आहे.

पावसाळ्यात एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते झाले आणि मग एक विषय निघाला. गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून घराशेजारी पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या आहेत. एका खोलीत कारखान्यावर कामाला जाणारं जोडपं भाड्यानं राहतं. आदल्या आठवड्यात त्या भाडेकरू बाईला कपडे वाळत घालताना तारेचा करंट बसला. शेजारणीनं धावत जाऊन मेन स्विच बंद केला, म्हणून ती वाचली.

बैठकीत निम्म्या जणी म्हणाल्या, "ओल्या हातानं तारेला हात लावायचाच कशाला?" पण ओले कपडे कोरड्या हातानं कुणाला वाळत घालता येतात? खोलीवाल्या ताई म्हणाल्या, "मॅडम, खोली माझी, पण लाईट वापरतात ते. बिलाचे पैसे पण तेच देतात. मग यात माझी काय चूक?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर वायरमनला सोबत घेऊन ती खोली बघितली, कायद्यात काय लिहिलंय ते वाचलं. तेच आज मांडते. आपल्या गटांमध्ये खोली भाड्यानं देणाऱ्याही आहेत आणि मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याला भाड्यानं राहणाऱ्याही. म्हणून दोघींनी वाचा.

करंट कुठून आला?

मीटरपासून खोलीत जाणारी वायर पत्र्याला भोक पाडून आत घेतली होती. वाऱ्यानं वायर हलत राहिली, पत्र्याच्या धारेनं तिचं वरचं आवरण कापलं गेलं आणि आतली तार पत्र्याला टेकली. कपड्यांची तार त्याच पत्र्याच्या लोखंडी अँगलला बांधलेली. म्हणजे भिंत, अँगल आणि तार, सगळ्यात करंट.

ताई म्हणाल्या, "पण मी नवीन एमसीबी बसवलाय, तो का पडला नाही?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. एमसीबी वायरचं रक्षण करतो, माणसाचं नाही. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झालं तर पडतो. माणसाच्या अंगातून ०.०३ अँपिअरच्या वर करंट गेला तरी जीव जाऊ शकतो. १६ अँपिअर म्हणजे त्याच्या पाचशे पटीहून जास्त. एमसीबीला हा एवढासा करंट कळतच नाही.

माणसाला वाचवणाऱ्या गोष्टी दोन:

१. अर्थिंग. पत्रा, फ्रिज, मोटर अशा लोखंडी वस्तूत करंट उतरला, तर तो जमिनीत जायला वाट मिळते.

२. आरसीसीबी. दुकानात कुणी याला ईएलसीबीही म्हणतात. जेवढा करंट घरात गेला तेवढा परत आला नाही, म्हणजे कुठेतरी गळतोय, हे ओळखून तो डोळ्याची पापणी लवायच्या आत लाईन तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा मागायचा. त्यावर 'टेस्ट'चं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर पडला तर चालू आहे असं समजायचं.

त्या खोलीत दोन्ही नव्हतं.

मीटरपर्यंत कोण, मीटरच्या पुढे कोण?

खांबावरून मीटरपर्यंतची वायर आणि मीटर ही महावितरणची जबाबदारी. तिथे ठिणग्या उडत असतील, वायर लोंबकळत असेल तर १९१२ या नंबरवर तक्रार करायची. मीटरच्या पुढची वायरिंग, बोर्ड आणि घराचं अर्थिंग ग्राहकानं नीट ठेवायचं असतं. मीटर ताईंच्या नावावर, वायरिंग ताईंनीच करून घेतलेली. भाडेकरूनं बिल भरलं म्हणजे भिंतीतली वायर तिची होत नाही. आपण घरभाडं घेतो ते राहण्यालायक खोलीचं.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ शहरांना आणि ठरवून दिलेल्या भागांना लागू आहे. तिथे करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर घर राहण्यालायक दुरुस्त ठेवणं घरमालकाला बंधनकारक आहे (कलम १४). भाडेकरूनं किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही, तर ती स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकते. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. महिना १५०० रुपये भाडं असेल तर वर्षाचे १८,००० होतात. म्हणजे ४,५०० रुपयांपर्यंत. "तक्रार करतेस काय?" म्हणून रागानं लाईट तोडता येत नाही, त्यालाही याच कायद्यात मनाई आहे (कलम २९).

हा कायदा जिथे लागू नाही अशा गावांत मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ बघायचा. त्याच्या कलम १०८ प्रमाणे, घरातला जो दोष मालकाला माहीत आहे आणि भाडेकरूला सहज दिसणारा नाही, तो मालकानं आधी सांगायला हवा. "त्या बोर्डाला कधी कधी झिणझिण्या येतात" हे माहीत असून गप्प बसायचं नाही. पण दुरुस्ती मालकानंच करायची असं हा कायदा आपोआप ठरवून देत नाही. ते करारात असावं लागतं. म्हणून गावातसुद्धा भाडं तोंडी ठरवू नका. "मीटरच्या पुढची वायरिंग, अर्थिंग आणि आरसीसीबीची दुरुस्ती घरमालक करेल" हे एक वाक्य लिहून घ्या.

आणि कुणाच्या निष्काळजीपणामुळे माणूस दगावला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खोली भाड्यानं देण्याआधी

- वायरिंगचं काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडूनच करून घ्या. पावती जपून ठेवा.
- अर्थिंग स्वतंत्र हवं. न्यूट्रलची तारच अर्थ म्हणून जोडून देणं किंवा नळाच्या पाइपाला तार गुंडाळणं चालणार नाही.
- पत्र्यातून किंवा भिंतीतून वायर नेताना प्लास्टिकच्या पाइपातूनच न्या.
- कटआउटमध्ये फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार घालू नका.
- कपडे वाळवायला नायलॉनची दोरी द्या. लोखंडी तार बांधूच नका.
- उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता. पावसाळ्याआधी सगळं एकदा तपासून घ्या आणि भाडेकरू बदलला की पुन्हा.

भाड्यानं राहत असाल तर

- खोली बघताना नळाला पाणी आहे का हे विचारतो, तसंच अर्थिंग आणि आरसीसीबी आहे का हेही विचारा. मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.
- आपली वस्तू आपली जबाबदारी. हीटरचा रॉड, इस्त्री, कूलर यांची वायर तुटली असेल तर वापरू नका. थ्री-पिनची अर्थची पिन मोडून टू-पिनमध्ये घालू नका. रॉड बादलीत असताना पाण्यात हात घालायचा नाही, आधी बटण बंद.
- स्वतः आकडा किंवा जोड मारू नका.
- झिणझिण्या आल्या, जळका वास आला की त्याच दिवशी सांगा. तोंडी सांगा आणि मोबाईलवर लिहूनही पाठवा. तारखेचा पुरावा राहतो.

कुणाला करंट बसलाच तर

आधी मेन स्विच बंद. तोपर्यंत त्या माणसाला हात लावायचा नाही. बंद करता येत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं वायर बाजूला करा. १०८ ला फोन करा. बरं वाटत असलं तरी दवाखान्यात दाखवा, कारण हृदयावर परिणाम झालेला असू शकतो.

बैठकीत चर्चा करा

१. आपल्या गटात किती जणींनी खोल्या भाड्यानं दिल्या आहेत? किती जणी भाड्यानं राहतात?
२. त्यातल्या किती ठिकाणी अर्थिंग आहे? बघून सांगा, अंदाजानं नको.
३. खोली बांधायला गट कर्ज देतो. मग अर्थिंग आणि आरसीसीबीसाठी अंतर्गत कर्ज देण्याचा ठराव करता येईल का?

त्या ताईंनी गटातून कर्ज घेऊन वायर पाइपातून नेली, अर्थिंग केलं, आरसीसीबी बसवला. पुढच्या बैठकीत मी विचारलं, "आता वाटतं का चूक कुणाची होती?" त्या म्हणाल्या, "मॅडम, चुकीचं सोडा. त्या तारेवर माझ्या नातवाची दुपटी पण वाळत होती."

तुमची,
क्षेत्र समन्वयक