टोटल जुळली का?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लोकसभा, विधानसभा धरून पाच वेळा केंद्राध्यक्ष म्हणून बसले. ईव्हीएमवरची भांडणं टीव्हीवर होतात. मतांचा हिशेब मात्र बूथवरची चार-पाच माणसं सांभाळतात. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

१. पहाटे घाई करू नका.
सातला मतदान, म्हणजे साडेपाचला मॉक पोल. किमान ५० मतं, नोटासकट प्रत्येकाला निदान एक. रिझल्ट काढून तो एजंटांसमोर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी ताडायचा, मग क्लिअर दाबायचं. पेटीतल्या चिठ्ठ्या काढून, त्यांवर शिक्के मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. एका निवडणुकीत शेजारच्या बूथवर बाहेरच्या गलक्यात क्लिअर राहून गेलं. संध्याकाळी मशीनमध्ये ५० मतं जास्त. लबाडी कुणीच केली नव्हती, पण गावाला ते कोण पटवणार? तेव्हापासून क्लिअर झाल्यावर मी टोटल दाबते आणि पडद्यावरचं शून्य एकेका एजंटला जवळ बोलावून दाखवते. सह्या त्यानंतर.

२. व्हीव्हीपॅट खिडकीसमोर किंवा थेट दिव्याखाली मांडू नका.
जास्त उजेडाने ते बिघडतं. जागा आदल्या रात्रीच ठरवा.

३. टोटल संध्याकाळसाठी ठेवू नका.
दर दोन तासांनी आकडेवारी वर कळवावीच लागते. तेवढ्यासाठी नुसतं रजिस्टर बघून आकडा सांगणारे पुष्कळ आहेत. मी दर वेळी कंट्रोल युनिटवरची टोटल आणि १७-ए रजिस्टरचा शेवटचा अनुक्रमांक शेजारी शेजारी लिहिते. एकदा दुपारी एक वाजता मशीन म्हणे ४१२, रजिस्टर म्हणे ४१३. पोटात गोळाच आला. तिसऱ्या अधिकाऱ्याने गोळा केलेल्या मतदार चिठ्ठ्या मोजल्या, त्याही ४१२. म्हणजे सही झाली, शाई लागली आणि एक माणूस मधेच राहिला. शिपायाने बाहेर पाहिलं तर ओट्यावर एक बाई रडणाऱ्या बाळाला थोपटत बसलेली, मुठीत घामाने मऊ झालेली चिठ्ठी. बाळाला शांत करून येऊ, म्हणून ती बाहेर गेली होती. तिला आत आणलं, क्रम चुकल्याची नोंद शेऱ्याच्या रकान्यात केली, तिने मत दिलं. ४१३. संध्याकाळी सहाला हा फरक कळला असता तर ती बाई कुठे सापडली असती?

४. बीपकडे कान ठेवा.
म्हातारी माणसं बटण हलकेच दाबतात आणि झालं समजून निघतात. 'आजी, थांबा, आवाज नाही आला,' एवढं तिथल्या तिथे म्हटलं की मत वाचतं. समजवायचं तर कप्प्याबाहेर, एजंटांसमोर, नमुना मतपत्रिकेवर. तुम्ही आत जाऊ नका. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी ७ सेकंद दिसते, तीही बघायला सांगा. आपलं चिन्ह डोळ्यांनी पाहिलेला माणूस अफवांना सहसा बळी पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

५. १७-सी प्रत्येक एजंटच्या हातात द्या.
बूथवर एकूण किती मतं नोंदली गेली, याचा हा कागद. मोजणीच्या दिवशी मशीनचा आकडा याच्याशी ताडतात. विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघात फक्त ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात; बाकीच्या सगळ्या केंद्रांवर गावाच्या हाती राहतो तो हाच कागद. मला तर वाटतं, तो दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. रात्री अंग मोडून आलेलं असतं, एजंट म्हणतात, 'राहू द्या मॅडम, विश्वास आहे.' तरी मी प्रती देते, पोच घेते. मागच्या खेपेला एका तरुणाने नाखुशीनेच घडी करून खिशात घातली. मोजणीनंतर आठवडी बाजारात भेटला. त्याचा उमेदवार पडला होता. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाला, 'मॅडम, आपल्या बूथचा आकडा मी स्वतः ताडला. जुळला.'