दोन तुकडे, तिसरा अर्थ

चित्रपट म्हणजे घटकाभर करमणूक, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. परंतु क्रांतीनंतरच्या रशियातील तरुण दिग्दर्शकांनी एक मूलभूत प्रश्न विचारला : चित्रपटातला अर्थ नेमका कोठे असतो? चित्रात, की दोन चित्रांच्या सांध्यात? या विचारमंथनातून जो सिद्धांत निघाला, त्याला 'माँटाज' म्हणतात.

लेव कुलेशोव याने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला व त्याला कधी सूपचे भांडे, तर कधी शवपेटी जोडली. चेहरा तोच; पण प्रेक्षकांना त्यात एकदा भूक दिसली, एकदा दुःख. त्याचा शिष्य पुडोव्हकिन याच्या मते विटेवर वीट रचावी तसे हे तुकडे जोडावेत. सर्गेई आयझेनस्टाईनला हे मान्य नव्हते. तुकड्यांची टक्कर व्हावी आणि त्या टकरीतून नवा विचार निर्माण व्हावा, असे तो म्हणे. जपानी लिपीत डोळा व पाणी ही चिन्हे एकत्र आली की 'रडणे' असा अर्थ होतो, हे उदाहरण तो देतो.

आपल्याला त्यासाठी जपानपर्यंत जाण्याचे कारण नाही. बहुव्रीही समास आपण शाळेतच शिकलो. 'नीलकंठ' या शब्दात निळा रंग प्रधान नाही, कंठही नाही. दोहोंवरून बोध होतो तो तिसऱ्याचाच, शंकराचा. आयझेनस्टाईनचा माँटाज हा पडद्यावरचा बहुव्रीहीच होय. 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये दगडी सिंहाच्या तीन मूर्ती एकापाठोपाठ येतात : झोपलेला, जागा झालेला, उठलेला. दगड हलत नाही; पण प्रेक्षकाच्या मनात जनता उठते.

हा चित्रपट १९२५ चा. त्याच वर्षी कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी 'सावकारी पाश' काढला. कथा ना. ह. आपटे यांची. आपट्यांचा जन्म सांगली जिल्ह्यातील समडोळीचा, तर वास्तव्य सातारा जिल्ह्यातील कोरेगावचे. सावकाराच्या लबाडीने जमीन गेलेला शेतकरी शेवटी शहरात गिरणी कामगार होतो. ही भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली. 'पोटेमकिन'चा पहिला खेळ मॉस्कोत झाला तोच डिसेंबर १९२५ मध्ये. तेव्हा येथे अनुकरणाचा प्रश्न येत नाही. पण आयझेनस्टाईनची दृष्टी या कथेला लावून पाहावी. शेत हे एक चित्र, गिरणीचा भोंगा हे दुसरे. दोहोंत सावकार नाही; तरी ती शेजारी ठेवताच तो दिसू लागतो.

माण-खटावकडच्या कित्येक घरांनी ही दोन चित्रे पडद्यावर नव्हे, आयुष्यात पाहिली. आमचे घर त्यांपैकीच एक. आमच्याकडे शेताच्या गोष्टी निघत, मुंबईच्या गिरणीच्याही निघत. मधल्या सांध्याविषयी मात्र कोणी बोलत नसे.

अर्थात ही शक्ती दुधारी आहे. कुलेशोवच्या नटाचा चेहरा कशालाही जोडता येतो आणि खोटेही खरे भासवता येते. म्हणून समोर काय दाखवले याबरोबरच कशाशेजारी काय ठेवले व मधले काय कापले, हेही विचारावे. ज्यांच्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयात आले आहे, अशा आम्हा विद्यार्थ्यांना शिक्षणाने दुसरे काही दिले नाही तरी चालेल. पण हा सांधा ओळखण्याची नजर जरूर द्यावी.